मिडविकेटवरची टिटवी

माणसं उगाच दुःखी होतात, हे माझं ठाम मत आहे. नियोजन करत नाहीत, म्हणून होतात! सुखाचं काय एवढं? रविवार असावा, ऊन बेताचं असावं, हातात बॅट असावी आणि समोरचा गोलंदाज जरा सुस्त असावा. एवढी तयारी आधी करून ठेवली की सुख झक मारत येतं. हे सगळं मी शनिवारी संध्याकाळी बायकोला समजावून सांगितलं. तिनं मटार सोलता सोलता "बरं" म्हटलं. ती "बरं" म्हणाली की मी सावध व्हायला हवं, पण होत नाही.

झालं होतं असं. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर विमा कंपनीचं ऑफिस आहे. दरवर्षी त्यांची आणि आमची मॅच होते आणि दरवर्षी कप वरच राहतो. त्यांनी तो मुद्दाम लिफ्टसमोर काचेच्या कपाटात ठेवलाय. म्हणजे आम्ही लिफ्ट दुरुस्त करून वर जायचं, दार उघडायचं, आणि पहिलं दर्शन कपाचं!

त्यातून मी कायमचा बारावा खेळाडू. पाणी न्यायचं, ग्लोव्हज न्यायचे, कुणाच्या पोटरीत गोळा आला तर ती पोटरी चोळायची. पण यंदा आमचा कॅप्टन ऑफिसच्या जिन्यावरून घसरला आणि गुडघा धरून बसला. लिफ्टवाल्यांचा कॅप्टन जिन्यावरून पडला! ही गोष्ट आम्ही बाहेर कळू दिलेली नाही, तुम्हीही कुठे बोलू नका. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, दुसरं कुणी दिसलं नाही, आणि कॅप्टन म्हणून माझं नाव घोषित केलं.

मग मी नियोजनाला लागलो. मैदान ठरवलं, खेळपट्टीवर पाणी मारून घेतलं, चेंडू, स्टंप, बर्फ, मलमपट्टी, सगळं जय्यत! एकच गोष्ट नियोजनात नव्हती. सासूबाई.

आमच्या सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत. विषय जीवशास्त्र. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याकडे त्या अजूनही बेडूक कापायच्या आधी बघावं तशाच बघतात. माझ्याबद्दल चांगला शब्द त्यांच्या तोंडून आजवर निघालेला नाही. वाईटही नाही म्हणा. "जावई? आहेत," असं त्या लोकांना सांगतात.

"मीही येते मॅचला," बहिणीकडे जाता जाता चार दिवस आमच्याकडे उतरलेल्या सासूबाई रविवारी सकाळी म्हणाल्या. "घरी बसून पंख्याकडे किती बघायचं?"

मैदानावर पोचल्यावर मी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. पण बसतील तर त्या सासूबाई कसल्या! छत्री घेऊन मैदानभर फिरायला लागल्या. मी टॉससाठी नाणं शोधत होतो, तेवढ्यात हाक आली.

"जावईबापू! खेळ थांबवा!"

"आई, अजून सुरूच झाला नाही."

"मग सुरू करू नका!"

मी धावलो. मैदानात एका उथळ खळग्यात, खड्यांच्या मध्ये, चार अंडी होती. मातकट, वर काळे ठिपके. दोन पावलांवरून बघितलं तरी दगड वाटावेत अशी.

"टिटवीची आहेत," सासूबाई कुजबुजल्या. वर्गात नवा प्राणी आल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"हात्तिच्या! एवढंच ना? टोपीत घेतो आणि त्या झाडाखाली ठेवून देतो."

मी वाकलो, हात पुढे केला, आणि माझ्या कानाजवळ कुणीतरी पत्र्यावर खिळा ओढला! निदान मला तरी तसंच वाटलं. "टिटिव् टिटिव् टिटिव्!" वर बघतो तर लांब पिवळ्या तंगड्यांचा एक पक्षी माझ्या डोक्याच्या रोखाने विमानासारखा येतोय! मी टोपी टाकली आणि पळालो.

"हलवलीत तर तिला सापडायची नाहीत," सासूबाई जागच्या न हलता म्हणाल्या. "आणि नीट बघा, तडा गेलाय कवचाला. आतून! आज पिल्लं बाहेर येणार. दुसरं मैदान बघा तुम्ही."

दुसरं मैदान! जसं काही माझ्या दुसऱ्या खिशातच होतं! पण हे मी मनात म्हटलं. तोंडाने "बघतो" म्हटलं आणि विमावाल्यांच्या कॅप्टनकडे गेलो.

या गृहस्थाला आम्ही अटीलागू म्हणतो. त्याचं कुठलंच वाक्य अटीशिवाय संपत नाही. "या ना चहाला, पण दूध नासलं नसेल तर," अशी त्याची बोलायची तऱ्हा. मला वाटलं, हा वैतागेल. छे! इतका आनंद झाला त्याला! त्याने चुन्याची फक्की मागवली, घरट्याभोवती ऐसपैस गोल आखला आणि दोन्ही संघांना उभं करून पॉलिसी वाचून दाखवावी तसं सांगितलं, "गोलात गेलेला चेंडू डेड. रन नाही, विकेट नाही. पावलं आत टाकायची नाहीत. निर्णय काकूंचा, आणि तो अंतिम!"

सासूबाई गोलाजवळ खुर्ची टाकून बसल्या. चेंडू आत गेला की त्यांनी छत्री वर करायची, असं ठरलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो गोल नेमका कुठे आहे. मिडविकेटला! आता माझ्या फलंदाजीबद्दल खरं सांगायचं तर माझ्याकडे एकच फटका आहे. चेंडू कसाही येवो, मी डोळे वटारून बॅट फिरवतो आणि चेंडू मिडविकेटला जातो. ऑफला येवो, लेगला येवो, त्याची बदली तिकडेच. पलीकडच्या टोकाला उतार असल्यामुळे गोलंदाजी सगळी एकाच बाजूने व्हायची होती, म्हणजे टोक बदलून गोल चुकवायचा, तोही मार्ग बंद!

आधी आमचं क्षेत्ररक्षण होतं. मी कव्हरला उभा राहिलो, टिटवी आली. थर्डमॅनला गेलो, तिथेही आली. शेवटी पार सीमारेषेला जाऊन कुंपणाला पाठ लावली. तिथेही "टिटिव्!" बाकी दहा माणसं मैदानावर मोकळी, आणि हिला मीच हवा!

"आई, ही माझ्याच मागे का?" मी तिथून ओरडलो.

"तुम्ही हात घातलात ना घरट्यात? लक्षात राहिलात तुम्ही तिच्या!"

"टोपी बदलून बघू का?"

"बघा."

आमचा गोलंदाज ग्रीस माझ्यासारख्याच अंगाचा आहे. त्याच्या हाताची काळी बोटं लग्नाच्या फोटोतही दिसतात, म्हणून हे नाव. त्याची टोपी मी घातली, माझी त्याने घातली. टिटवीने एक फेरी मारली, ग्रीसकडे नीट बघितलं, आणि माझ्या टाळक्यावर झेपावली. तेवढ्यात अटीलागूने चेंडू उंच मारला, सरळ माझ्याकडे! "माझा!" मी ओरडलो. "टिटिव्!" तीही ओरडली. मी डोकं धरून खाली बसलो आणि चेंडू माझ्या शेजारी, अगदी आपुलकीने, टप्पा पडून सीमापार गेला.

"कॅप्टन, कॅच होता तो!" ग्रीस किंचाळला.

पण त्याची स्वतःची कथा काय? पुढच्याच फटक्याला तो चेंडू अडवायला धावत निघाला, तर टिटवी त्याच्यासमोर उतरली. एक पंख फरफटत, लंगडत, कण्हत चालायला लागली. ग्रीस मनाचा फार हळवा. चेंडू सोडून तो तिच्या मागे निघाला, "अरे रे, लागलं का गं?"

"नाटक आहे ते!" सासूबाई खुर्चीतून गरजल्या. "घरट्यापासून लांब नेतेय तुला!"

"काकू, पंख मोडलाय हो तिचा!"

"चेंडू उचल गाढवा!" हा मी.

कुंपणापर्यंत त्याला नेऊन टिटवी छान उडून गेली. विमावाल्यांनी तेवढ्यात तीन धावा पळून काढल्या.

त्यांचा डाव संपला. मी संघाला गोळा करून जोशपूर्ण भाषण करणार होतो. सुरुवातही केली होती. "मित्रांनो, आज..." समोर बघतो तर मित्र गायब! सगळे चुन्याच्या रेषेभोवती गुडघे टेकून बसलेले. आमचे, त्यांचे, अंपायर म्हणून आलेला मैदानाचा माळी, माझी बायको, सगळे! पिल्लं बाहेर आली होती.

"मंडळी, मॅच!" मी म्हणालो.

"श्श!" दोन्ही संघ एकदम म्हणाले. कामाच्या बाबतीत आमच्या दोन ऑफिसांचं इतकं एकमत कधी झालेलं मी पाहिलं नाही.

"अहो, बघा तरी," बायको म्हणाली. "पाय बघा, काड्यापेटीच्या काड्या जशा!"

मी पुढे सरकलो. "टिटिव्!" मी मागे सरकलो. मैदानावरच्या समस्त मानवजातीत पिल्लं न दिसलेला मी एकटा!

शेवटी अटीलागूलाच दया आली आणि खेळ सुरू झाला. मी सलामीला गेलो. पहिलाच चेंडू असा बसला बॅटवर म्हणून सांगू! आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नव्हता. चेंडू सुसाट गेला, मी दोन धावा पळालोसुद्धा, आणि छत्री वर!

"डेड बॉल!" सासूबाई.

पुन्हा मारला. छत्री. पुन्हा मारला. छत्री!

"कॅप्टन, दुसरीकडे मारा ना!" ग्रीस समोरच्या टोकाकडून विनवत होता.

"दुसरीकडे मारता आलं असतं तर इतकी वर्षं पाणी वाहिलं असतं का मी?"

पण एक झालं, मी बाद होईना. बॅटीच्या कडा लागत होत्या, पॅडला लागून चेंडू सुटत होता, एकेक धाव पळत होतो. पलीकडे माणसं येत-जात होती. आणि बघता बघता शेवटचा चेंडू आला. तीन धावा हव्या होत्या! आमची मंडळी उभी राहिली. साहेब तर चक्क नखं खात होते. मी मनाशी ठरवलं, आता गोलाच्या वरून, थेट बाहेर! हवेतून गेलेल्या चेंडूला छत्री लागू नाही!

गोलंदाज धावला. मी बॅट उंच उचलली. चेंडू त्याच्या हातातून सुटला, आणि माझ्या उजव्या कानात "टिटिव् टिटिव् टिटिव्!"

मी डोळे गच्च मिटले.

टक्क!

डोळे उघडले तेव्हा मधला स्टंप आडवा पडला होता आणि माझी बॅट तशीच हवेत होती. फिरलीच नव्हती! साहेबांना काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करायला लागलो. ऊन डोळ्यावर आलं म्हणावं की कमरेत उसण भरली म्हणावं?

तेवढ्यात सासूबाई छत्री टाकून धावत आल्या. माझ्याकडे नव्हे, माझ्या बुटाकडे! त्या वाकल्या आणि त्यांनी अलगद काहीतरी उचललं. मातीच्याच रंगाचं, कापसाच्या बोंडाएवढं एक पिल्लू. हे कार्टं केव्हा रेघ ओलांडून खेळपट्टीवर आलं आणि माझ्या पायाशी दबा धरून बसलं, कुणास ठाऊक!

"बघितलंत?" सासूबाई पिल्लू ओंजळीत उंच धरून सगळ्यांना म्हणाल्या. "बॅट खाली आली असती तर संपलं होतं हे! तीन धावा हव्या होत्या, शेवटचा चेंडू होता, आणि या माणसाने बॅट हलवली नाही!"

आधी ग्रीसने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. विमावाल्यांनीसुद्धा! मी तोंड उघडलं, पण साहेबांनी येऊन मला मिठीच मारली, त्यामुळे जे निघायचं ते त्यांच्या शर्टात गेलं. अटीलागू टोपी काढून पुढे आला.

"कप सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने आमच्याकडे," तो म्हणाला. आम्ही सगळे त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत उभे होतो. पुढे काही नव्हतं!

घरी आल्यावर सासूबाईंनी स्वतः माझ्यासाठी चहा टाकला. मग फोनवर आपल्या बहिणीला मोठ्याने सांगायला लागल्या, "अगं, आमचे जावई म्हणजे..." मी कप घेऊन स्वयंपाकघरात सटकलो. बायको कट्ट्याला टेकून उभी होती.

"डोळे मिटले होते ना तुम्ही?" तिने हळूच विचारलं.

मला ठसका लागला. "कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? समोरच तर बसले होते मी."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"आई पहिल्यांदाच तुमच्याबद्दल चांगलं बोलत होती," ती म्हणाली. "मला ऐकायचं होतं."

खरं सांगतो, तो चहा फार चांगला लागला मला. गार झाला तरी मी घोट घोट घेत बसलो होतो. बाहेर सासूबाईंचं कौतुक चालूच होतं, आणि मी आणि बायको दोघंही कान देऊन ऐकत होतो.

मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

"जावईबापू!" बाहेरून हाक आली. "तुम्हाला पक्ष्यांची एवढी माया आहे, हे मला माहीतच नव्हतं! बहिणीकडे जायचं रद्द केलंय मी. आता दोन महिने इथेच राहते. रोज पहाटे तळ्यावर जाऊ आपण दोघं. उजाडायच्या आत निघायचं हं, नाहीतर बगळे उडून जातात!"

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं."