धमनीची ट्रायल

सकाळी साडेदहा वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर धमनी फुटली. आवाज झाला नाही की थेंबभर रक्त सांडलं नाही, कारण धमनी लॅपटॉपच्या पडद्यावर होती. पण समोर बसलेल्या रक्तबाईने असा काही कपाळावर हात मारला, की शेजारच्या खोलीत मशीनवर शिवत बसलेल्या सासूबाईंचा पाय पायडलवर थबकला.

"पुन्हा फुटली का गं?"

"पुन्हा! सत्तेचाळिसाव्या पावलाला! अगदी मुहूर्त काढल्यासारखी तिथंच फुटते, मेली!"

त्याचं असं होतं. ही दोघं नवरा-बायको एकाच प्रयोगशाळेत काम करत. ती कॉम्प्युटरवर रक्त वाहवायची, तो रक्तवाहिनीची भिंत हलवायचा. रक्त ढकलतं, भिंत फुगते. भिंत फुगली की रक्ताचा रस्ता बदलतो आणि मग ढकलणंही बदलतं. म्हणून दर पावलाला तिचा प्रोग्रॅम त्याच्या प्रोग्रॅमला निरोप पाठवायचा, 'एवढा दाब आहे', आणि तिकडून उलट निरोप यायचा, 'मग मी एवढी सरकले'. हृदयाचा एक ठोका म्हणजे अशी आठशे पावलं. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तिचं नाव रक्तबाई ठेवलं होतं, त्याचं भिंतराव, आणि आता घरातही तीच नावं चालत होती.

आज चार वाजता डॉक्टरबाई यायच्या होत्या. त्या हृदयाची ऑपरेशनं करायच्या आणि सासूबाईंच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. नव्या कोटाची ट्रायल होती. "त्याच वेळी तुमचा तो ठोका पण दाखवा," त्यांनी फोनवर रोखठोक सांगितलं होतं. "एक ठोका धड पूर्ण झालेला दिसला, तर माझ्या चाळीस पेशंटचे स्कॅन तुम्हाला. नाहीतर उद्या दुसऱ्या गटाला देऊन टाकते."

दुसरा गट म्हणजे भिंत हलतच नाही असं धरून चालणारे लोक. धमनी म्हणजे जणू लोखंडी पाइप. त्यांचं कधीच काही फुटत नसे. चाळीस जिवंत माणसांच्या धमन्या पाइप म्हणून मोजल्या जाणार, हा विचारच रक्तबाईला सहन होत नसे. पाच वर्षं तिने या एका ठोक्यामागे घातली होती.

"तुझी भिंत लेचीपेची आहे," ती म्हणाली.

"माझी भिंत?" बेडरूममधून भिंतराव दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आला. "तुझं रक्त उसळतंय आणि नाव माझ्या भिंतीचं? जरा दमानं वाहायला सांग की त्याला!"

"रक्त दमानं कसं वाहील? हृदय धडधडतंय ना मागे!"

"मग माझी भिंत काय करील? ती बिचारी सांगशील तेवढी फुगते!"

"सांगते त्याच्या दुप्पट फुगते!"

"कारण तू दुप्पट सांगतेस!"

सासूबाईंनी दार लोटून घेतलं. हे भांडण त्यांना तोंडपाठ होतं आणि हातातली बाही महत्त्वाची होती. भिंतराव आपला लॅपटॉप उचलून बेडरूममध्ये गेला. तिथून पाच मिनिटं नुसते कीबोर्डचे फटके ऐकू येत होते.

रक्तबाईने रागारागाने त्याच्या भिंतीची फाइल उघडली. चूक काढून त्याच्या नाकासमोर धरायची होती. जाडी बरोबर, ताठरपणा बरोबर, बांधलेली टोकं बरोबर. आकडा न् आकडा बिनचूक होता. तिला एकदम भरून आलं. किती निगुतीने केलंय बिचाऱ्याने, आणि आपण वाट्टेल ते बोललो! राग ओसरला की ती जरा जास्तच उदार व्हायची. तिने गुपचूप आपलं रक्त दहा पटीने हलकं करून टाकलं. बिचाऱ्या भिंतीला त्रास नको.

बेडरूममध्ये भिंतरावाने तेवढ्यातच तिचं रक्त तपासलं होतं. त्यातही खोट नव्हती. त्यालाही भरून आलं. त्यानेही कुणाला न सांगता भिंत दहा पटीने ताठ केली.

बाराच्या सुमाराला गणित पुन्हा सुरू झालं. सत्तेचाळीस गेलं. शंभर गेलं. तीनशेला रक्तबाई खुर्चीवरून उठली, पाचशेला तिने नवऱ्याला हाक मारली, सातशेला दोघं एकमेकांचे हात घट्ट धरून उभी होती. आठशे!

"झाला! ठोका झाला! आई, धावा, ठोका झाला!"

सासूबाई गळ्यात टेप अडकवून आल्या, चष्मा वर करून पडद्याकडे पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण हलतेय कुठे?"

दोघांनी पाहिलं. धमनी खरंच ढिम्म हलत नव्हती.

"तू काही केलंस का?" त्याने विचारलं.

"रक्त थोडं हलकं केलं. तुझ्यासाठी. आणि तू?"

"भिंत थोडी ताठ केली. तुझ्यासाठी."

"अरे देवा! म्हणजे आपणच लोखंडी पाइप बनवला!"

"आणि आतून वाफ सोडली!"

क्षणभर दोघांना हसू आलं, मग घड्याळाकडे पाहून ते जिरलं. असला ठोका डॉक्टरबाईंना दाखवणं म्हणजे शुद्ध फसवणूक होती. त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं, आणि नसतं ओळखलं तरी रक्तबाईला झोप लागली नसती. मग सगळे जेवायला बसले. रक्तबाई मनात म्हणत होती, याने माझ्यासाठी आपली इतकी नेटकी भिंत बिघडवली, निदान मी तरी खरं रक्त परत आणते. त्याची ताठ भिंत सांभाळून घेईल. ताट धुवायला जाता जाता तिने आकडा पूर्ववत केला. भिंतराव हात पुसत पुसत नेमका तसाच विचार करत होता. त्यानेही आकडा पूर्ववत केला.

दोन वाजता धमनी फुटली. सत्तेचाळिसाव्या पावलाला.

"तू पुन्हा बदललंस?"

"तूही?"

"मला वाटलं तू बदलणार नाहीस!"

"मलाही तेच वाटलं! सांगायचं तरी!"

"तू सांगितलंस का?"

आवाज चढत चढत मशीनच्या खोलीपर्यंत पोचला. सासूबाई अर्धवट शिवलेला कोट घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी तो सुनेच्या अंगावर चढवला.

"आई, आत्ता? अहो, इथे माझा जीव जायची वेळ आलीय!"

"हात वर कर. बाही कशी आहे?"

"घट्ट आहे. दोन इंच तरी."

"मग मी दोन इंच सोडू?"

"सोडा."

"हेच. नवीन होते तेव्हा मी पण अश्शीच सोडायची," सासूबाई म्हणाल्या. "बाही सोडली की खांदा उतरतो, खांदा उतरला की पाठ ढिली पडते. मग गिऱ्हाईक म्हणतं, ढगळ झाला, दोन इंच घ्या. घेतला की पुन्हा घट्ट. असं करता करता एका बाईंचं कापडच उसवून फाटलं होतं. तेव्हापासून गिऱ्हाईक जेवढं सांगेल त्याच्या निम्मंच सोडते. पुन्हा अंगावर घालते, पुन्हा निम्मं. अंग आणि कापड दोन्ही गप्प बसली की मगच पुढची शिवण. तुम्ही दोघं एकदा सांगता, सगळंच्या सगळं ऐकता, आणि लगेच पुढे पळता. सकाळपासून बघतेय मी."

रक्तबाईचा वर केलेला हात तसाच राहिला. "अरे," ती नवऱ्याला म्हणाली, "आपण दर पावलाला एकदाच निरोप देतो."

"आणि तो शंभर टक्के ऐकतो," भिंतराव हळूच म्हणाला.

"चूक तुझ्या भिंतीत नाही."

"तुझ्या रक्तातही नाही. निरोपात आहे!"

"निम्मंच ऐकायचं! दोघं गप्प बसेपर्यंत त्याच पावलावर थांबायचं! सरक, सरक, मला बसू दे!"

ती कोटासकटच खुर्चीवर बसली. "माझा कोट!" सासूबाई ओरडल्या, पण ऐकतंय कोण! तो सांगत होता, ती टाइप करत होती. पाऊण तासात नवा निरोप्या तयार झाला. सत्तेचाळिसाव्या पावलाला रक्तबाईने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा अठ्ठेचाळीस चालू होतं, आणि भिंत हलत होती. सावकाश आणि खरोखर हलत होती.

"हलतेय! आई, बघा, हलतेय!"

"सावकाश चाललंय मात्र," भिंतराव घड्याळ बघत म्हणाला. "दर पावलाला पाच-पाच ट्रायली. साडेचार वाजतील."

"त्या चारला येणार, पाचला त्यांना ऑपरेशनला उभं राहायचंय! अर्धा तास त्यांना बसवून कसं ठेवायचं?"

सासूबाईंनी टाचण्यांची डबी उचलली. "ते माझ्याकडे लागलं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाई चारला पाच कमी असतानाच आल्या, आणि सासूबाईंनी त्यांना पडद्याकडे वळूच दिलं नाही. कोट चढवला, हात आडवे करायला लावले, आणि टाचण्या लावायला घेतल्या. रक्तबाईने दारातून पाहिलं. कोट अंगावर असा बसला होता की बोट ठेवायला जागा नव्हती.

"छान बसलाय की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काढू?"

"हलू नका! पाठीत किंचित घ्यायला हवा. निम्मं घेते." टाचणी. "आता जरा जास्त झालं. निम्मं सोडते." टाचणी निघाली. "श्वास घ्या बरं. हं. आता सोडा. नाही, पुन्हा घ्या."

चार वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरबाईंचे हात लटपटायला लागले. चार वीसला त्या म्हणाल्या, "मी सहा-सहा तास ऑपरेशनला उभी राहते, पण अशी अवघडले नव्हते हो कधी!" आतून भिंतराव दबक्या आवाजात आकडे सांगत होता. सहाशे नव्वद. सातशे तीस. रक्तबाईची नखं केव्हाच खाऊन संपली होती. सातशे नव्वदला तिला राहवेना.

"डॉक्टर, या! आत्ता या! आहात तशा या!"

डॉक्टरबाई हात आडवे ठेवूनच, अंगभर टाचण्या घेऊन टेबलापाशी आल्या. आठशेवा आकडा पडला आणि पूर्ण ठोका पडद्यावर सुरुवातीपासून खेळू लागला. धमनी फुगली, लाट पुढे सरकली, भिंत मागे आली, आणि सगळं पुन्हा शांत झालं.

डॉक्टरबाईंनी ठोका शेवटपर्यंत पाहिला. त्यांनी "पुन्हा" एवढंच म्हटलं. पुन्हा लावलं. मग त्यांनी पुढे वाकून पडद्यावर बोट ठेवलं. टाचणी टोचली असणार, पण त्यांना पत्ता नव्हता.

"अशीच हलते," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनच्या वेळी मी बोट ठेवते ना, तेव्हा बोटाखाली अश्शीच हलते. चाळीस कसले, मागचे वीस पण देते. उद्या सकाळी न्या."

रक्तबाईला रडू आणि हसू एकदमच फुटलं. तिने आधी नवऱ्याला मिठी मारली, मग सासूबाईंना.

"पण इतके दिवस अडलं कुठे होतं? चूक कुणाची होती?" डॉक्टरबाईंनी सहज विचारलं.

"माझी," रक्तबाई म्हणाली.

"माझी," त्याच क्षणी भिंतराव म्हणाला.

"तुझी कशी? तुझी भिंत बिनचूक होती!"

"बिनचूक तर तुझं रक्त होतं! चूक माझीच!"

"उगाच मोठेपणा घेऊ नकोस! माझी म्हटलं ना!"

"दर वेळी सगळं स्वतःच्याच अंगावर काय ओढून घेतेस!"

आवाज चढत गेले. डॉक्टरबाई आडव्या हातांनी एकदा हिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत, घाबरून एक पाऊल मागे सरकल्या.

"आजी, हे फुटणार हो आता!"

"नाही फुटत," सासूबाई त्यांच्या पाठीतली शेवटची टाचणी काढत म्हणाल्या, आणि मग आवाज चढवून ओरडल्या, "अगं ए! अरे ए! निम्मी-निम्मी घ्या!"