परमेश्वर खुडूक बसला

मोबाईलवर कोंबडीपालनाचे दोन-चार व्हिडिओ बघितले आणि परमेश्वर तीर्थपुरीच्या बाजारात उभ्या उभ्या लोकांना शिकवायला लागला. ऐकणारेही तसलेच, बिनकामाचे! दोस्त सांडूला तर त्यानं छाती ठोकून सांगितलं, "उद्या घरी ये. मरतुकडं पिल्लू जगवायचं कसं, दाखवतो तुला!"

मरतुकडी पिल्लं घरात होतीच. मुंगसानं खुराडं साफ केल्यावर आईकडे, आसराबाईकडे, एकच कोंबडी उरली होती. ती अंड्यांवर खुडूक बसली. बरीच अंडी नासली, निघाली ती तीन पिल्लं, तीही माना टाकलेली. म्हातारीचा सगळा जीव त्यांच्यात.

दुसऱ्या दिवशी शेतात निघताना ती म्हणाली, "गुळाच्या पाण्याचा थेंब चोचीला लाव अन् कोंबडीखाली सार. दुसरं काही करू नको, बाबा."

"आई, मला शिकवू नको!"

"मंग पिल्लं परमेश्वराच्या हवाली," म्हणत ती गेली. चुलीपाशी बायको, रेणू, फिस्सकन हसली. तेच त्याला झोंबलं.

गुळाचं पाणी? अशक्ताला खुराक पाहिजे! त्यानं काकवीची बरणीच उघडली. थेंब लावायला गेला, पिल्लानं मान झटकली, बरणी कलंडली आणि तिन्ही पिल्लं काकवीत न्हाली! पाकातल्या लाडवांसारखी चकाकायला लागली. डोकं असलेल्या माणसानं ती कोमट पाण्यानं धुतली असती. परमेश्वरनं तशीच कोंबडीखाली सारली. "ऊब लागली की वाळतील!"

वाळली. कोंबडीच्या पोटाला चिकटून वाळली!

घटकाभरानं कोंबडी दाणे टिपायला उठली, तर पोटाखाली पिल्लं झुंबरासारखी लोंबकळत होती! ती जी बिथरली! अंगणभर पळाली, राखेत लोळली, सरपणात घुसली. मागं परमेश्वर, त्याच्या मागं रेणू.

"अहो, जल्दी धरा! मरतील ती!"

"धरूनच राह्यलो न्हाई का!"

हाती लागेपर्यंत कोंबडीनं त्याच्या मनगटाचं भरीत केलं. रेणूनं कोमट पाण्यात एकेक पिल्लू सोडवलं. पिल्लांबरोबर पोटाची पिसंही निघाली. कोंबडी सुटली ती थेट पत्र्यावर! खाली येईल तर शपथ. अन् पिल्लं? ओली, गार. चोच उघडायची, आवाज निघत नव्हता.

परमेश्वरनं बनियन वर केलं, पिल्लं पुसून छातीशी धरली, वरून घोंगडी ओढली आणि भिंतीला टेकून बसला. हलायची सोय न्हाई!

आसराबाई शेतातून आली. वर पोटाला टक्कल पडलेली कोंबडी, खाली घोंगडीत लेक! तिनं आडवी पडलेली बरणी बघितली. उचलून सरळ ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दारात सांडू! सोबत शिकायला आलेली अर्धी गल्ली.

"परमेश्वर, कोंबडी कुठाय?"

रेणूनं पत्र्याकडे बोट केलं.

"मंग पिल्लांवर कोण बसलंय?"

उत्तर समोरच होतं. हशाचा असा दणका उडाला की घोंगडीत चिवचिवाट सुरू झाला. पहिल्यांदाच आवाज फुटला, पण केविलवाणा. थांबेचना.

"भ्याली ती," आसराबाई म्हणाली. "बोल त्यांच्याशी. कोंबडी बोलत असती."

"आई, लोकं बघून राह्यले..."

"लोकं गेले खड्ड्यात! माझी पिल्लं जाऊन राह्यली!"

परमेश्वरच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. त्यानं मान घोंगडीत घातली आणि बारीक आवाजात म्हणाला, "कुक्... कुक् कुक्..."

सांडू हसता हसता ओट्यावरून खाली पडला.

अन् सगळ्यात लाजेची गोष्ट सांगू? पिल्लं बराबर गप्प झाली!