अठरा टक्क्यांची भिंगरी

आवाज बदलून समोरच्याला गंडवण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! बॅगांच्या चेनी दुरुस्त करायचं दुकान आहे माझं, पण तो जोडधंदा समजा. मुख्य धंदा हाच. घरमालकाला त्याच्याच सासऱ्याच्या आवाजात मी अख्खा जिना रंगवायला लावलाय. शेजारच्या शिंप्याला हत्तीच्या पायजम्याचं माप घ्यायला सर्कशीत धाडलंय. बिचारा टेप घेऊन गेला होता, वर जास्तीची टेपही घेतली होती.

या धंद्यात माझी भागीदार एकच. माझी पोरगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, घरात सगळे भिंगरीच म्हणतात. आमच्या दोघांत एक रबरी पाल फिरायची. मी तिच्या दप्तरात टाकायची, तिने माझ्या चहाच्या डब्यात. ज्याच्याकडे पाल, त्याची पाळी. वर्षानुवर्षं हा खेळ चालला, आणि मधल्या मध्ये किंचाळायची बायको.

मग भिंगरीला बर्फावरच्या हॉकीचं वेड लागलं. आम्ही साध्या फरशीवर पडून कंबर मोडून घेतो, आणि ही मुद्दाम बर्फावर घसरायला गेली! लांबच्या शहरात, खेळाडूंच्या वसतिगृहात. जायच्या दिवशी मी गुपचूप तिच्या बुटात पाल कोंबली आणि उत्तराची वाट बघत बसलो.

उत्तर आलंच नाही. महिने गेले. डबा उघडताना मी अजून दोन पावलं मागे सरकतो. आत नुसती चहापूड. तुम्हाला सांगतो, चहापूड बघून एवढं वाईट वाटलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल.

फोन यायचा, पण कसला? "जेवलीस?" "जेवले." "थंडी आहे का?" "बर्फावर असणारच ना, बाबा. ठेवू?" संपलं! भेटायला जावं, तर तिथल्या मास्तरांचा नियम होता की हंगाम संपेपर्यंत घरच्यांनी पाय ठेवायचा नाही. घरचे आले की पोरींचं लक्ष उडतं म्हणे. इथे आमचं उडालेलं लक्ष गोळा करायला कोण येणार?

आता शनिवारचा सामना हरले की हंगाम संपणार होता आणि भिंगरी रविवारी घरी येणार होती. जिंकले तर पुढची फेरी, म्हणजे मुक्काम वाढला. बायकोने हरण्याचा मुहूर्त धरून तिची गादी उन्हात घातली, चादर बदलली. मी चहाचा डबा घासूनपुसून रिकामा ठेवला. पालीला मोकळी जागा हवी ना.

आणि मग मी हुशारी केली. त्यांच्या संघाचं पान मोबाइलवर उघडलं. पोरींच्या नावांपुढे आकड्यांचे रकाने होते. एका रकान्यावर लिहिलं होतं, 'समोरच्या भागात सुरुवात'. पोरींपुढे साठ टक्के, सत्तर टक्के, आणि आमच्या भिंगरीपुढे अठरा. सगळ्यात शेवटी!

आमचं घराणं पस्तीसच्या काठावरून पास होणारं, मान्य आहे. पण अठरा? मी बायकोला म्हटलं, पोरगी नापास आहे. बायको म्हणाली, तुमच्यावर गेली.

तेवढ्यात माझ्या डोक्यात दिवा पेटला. पोरगी संघात सगळ्यात कच्ची. मग मास्तरांनी तिलाच जास्तीत जास्त खेळवलं, तर संघ हरलाच पाहिजे! आणि हरला की रविवारी स्वारी घरी. पोटच्या पोरीबद्दल असा विचार करताना बापाला लाज वाटायला हवी होती. पण आतल्या खोलीत ती ताणलेली कोरी चादर दिसत होती, आणि लाजेला बसायला जागा नव्हती.

मी लावला फोन. आवाज काढला तो असा, की जणू पोटात तंबोरा आहे. साप्ताहिक 'बर्फगर्जना'चा संपादक बोलतोय, म्हटलं. तुमच्या संघातली ती लांब वेणीवाली आमच्या वाचकांच्या मनात भरलीये, शनिवारी तिला बर्फावरून खाली उतरू देऊ नका. मास्तर शांतपणे 'बरं, बरं' करत होते. शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही?

तिथे माझी जीभ घसरली. "हां... ती रात्री झोपताना मोजे घालते का? थंडीने तिचे पाय दुखतात."

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी आलं.

"वाचकांना उत्सुकता असते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जसं फाटलेल्या बॅगेकडे मी बघतो. दुरुस्त होईल की टाकून द्यावी?

शनिवारी ते जिंकले.

बायको आत गेली, चादर काढली आणि घडी घालून कपाटात ठेवली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी भिंगरीचा फोन आला. आवाज असा, की मोबाइल हातात उडेल! कुठल्याशा साप्ताहिकाच्या संपादकाने म्हणे तिची चौकशी केली. तिची! गोल करणाऱ्या सोडून! मास्तरांनी त्यांना उलटा फोन करून पुढच्या सामन्याला बोलावलंय, फोटोग्राफरसकट. "बाबा, आजवर माझ्याकडे कोणी बघितलंच नव्हतं रे," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच 'ठेवू?' म्हणाली नाही.

खरंच मास्तरांचा फोन येऊन गेला होता. मी तंबोऱ्यात 'नक्की येतो' म्हणून बसलो होतो. आता नाही गेलो, तर पोरीचा हिरमोड. आणि गेलो, तर बाप म्हणून नाही जायचं, संपादक म्हणून जायचं. पोरगी समोर असताना परक्यासारखं बसायचं!

"तुम्ही संपादक, मग मी कोण?" बायको म्हणाली.

फोटोग्राफर. ही बाई आयुष्यात अंगठा न येता एकही फोटो काढू शकलेली नाही. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोत मी, केक आणि भलामोठा अंगठा आहे.

मी मफलर नाकापर्यंत गुंडाळला, बायकोने काळा चष्मा लावला, आणि आम्ही निघालो. दोन चोर जणू बक्षीस घ्यायला निघाले!

आत थंडी अशी, की दातांनी आपापसांत टाइपरायटर सुरू केला. ओल्या हातमोज्यांचा वास, काचेच्या भिंती, बर्फ तासणारं धूड मशीन. दारावर पाटी होती, 'कुटुंबीयांना प्रवेश नाही'. आम्ही तिच्याखालून मान ताठ ठेवून गेलो.

मास्तर बुटके, गळ्यात शिट्टी, स्वेटरला कोपरावर ठिगळ. त्यांनी आम्हाला आपल्या खोलीत बसवलं. म्हटलं संपादकासारखा एक कडक प्रश्न टाकावा. मी त्या अठरा टक्क्यांचं विचारलं. एवढी कच्ची मुलगी तुम्ही संघात ठेवलीच कशाला?

मास्तरांनी फळ्यावर मैदान काढलं. मध्ये दोन रेघा मारून त्याचे तीन तुकडे केले. एका टोकाला आपला गोल, ते आपलं अंगण. दुसऱ्या टोकाला समोरच्या संघाचं अंगण. खेळ थांबला की पुन्हा सुरू करायला पंच दोन पोरींच्या मध्ये रबराची चकती टाकतो. कुणाच्या अंगणात टाकायची ते खेळावर ठरतं, पण तिथे कुणाला उभं करायचं हे मास्तर ठरवतात. गोल मारणाऱ्या पोरींना ते समोरच्यांच्या अंगणात पाठवतात. चकती मिळाली की समोरच गोल. त्यांचे टक्के मोठे दिसणारच.

"आणि ही?"

"हिला मी आपल्या अंगणात उभं करतो. आपला गोल पाठीशी, शत्रू तोंडावर. चकती हरलो की गेलोच. मधल्या सुरुवाती सोडा. बाकीच्या शंभरातल्या ब्याऐंशी वेळा ती तिथे असते, म्हणून पलीकडे उरतात अठरा." त्यांनी खडू ठेवला. "घराला आग लागली तर साहेब, तुम्ही पाण्याची बादली कुणाच्या हातात देता? कच्च्या माणसाच्या?"

मी मफलर डोळ्यांपर्यंत ओढला. सर्दी झाली होती, दुसरं काही नाही. मग सहज मनात आलं, की आमच्या घरात बादली कायम कुणाच्या हातात असते? बाजूला काळा चष्मा लावून बसलेल्या फोटोग्राफरकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

सामना सुरू झाला. आम्ही संघाच्या बाकामागेच बसलो. आणि भिंगरी आली! वेणी शिरस्त्राणातून बाहेर. हातभर अंतर, मध्ये काच. खांदे रुंद झालेत पोरीचे. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. बायको भराभर अंगठ्याचे फोटो काढत होती.

अगदी शेवटी भिंगरीचा संघ एका गोलने पुढे होता, आणि खेळ थांबला तो नेमका आपल्या अंगणात. मास्तरांनी भिंगरीच्या पाठीवर नुसती थाप मारली. ती निघाली.

खोटं कशाला बोलू? मनात पहिल्यांदा आलं, हर गं बाळा. एक चकती हर आणि घरी चल. चादर पुन्हा घालू, डबा रिकामाच आहे.

ती वाकली. काठी बर्फाला टेकवली. लहानपणी मी तिला शाळेत न्यायला निघालो की दाराची चौकट धरून अशीच उभी राहायची, कुणी हलवून दाखवा म्हणून. पंचाचा हात वर गेला, आणि माझ्या तोंडून तंबोरा नाही, माझाच आवाज फुटला.

"भिंगरे, सोडू नकोस गं!"

तिने सोडली नाही. चकती खेचून मागे दिली, संघाने ती लांब भिरकावली, भोंगा वाजला. अख्खा बाक वळून माझ्याकडे बघत होता.

"संपादकांना कधीकधी भरून येतं," मी म्हटलं.

सामना संपल्यावर पोरी रांगेने बाहेर आल्या. भिंगरी माझ्यासमोर थांबली. चेहरा सरळ. हातमोजा काढून हात पुढे केला. "नमस्कार साहेब. फोटो चांगला छापा."

मी हात हातात घेतला. गार पडला होता. संपादक धरतात त्यापेक्षा जरा जास्त वेळ धरला. बायकोने फोटोग्राफर असूनही तिची वेणी नीट केली. मग ती गेली.

दारापाशी मास्तर उभे. मला पाटी दाखवून म्हणाले, घरच्यांना बंदी आहे, वाचलंत ना? मी मान खाली घातली. मग ते पाटीकडेच बघत म्हणाले, "मोजे घालते. रोज. तुमचा फोन आला तेव्हा सगळ्या पोरी खोलीत होत्या, फोन मोठ्या आवाजात ठेवला होता. तुमचं पहिलं वाक्य संपायच्या आत ती हसून खाली बसली होती. बोलवा म्हणून तिनेच गळ घातली." मग घसा साफ केला. "पत्रकारांना बंदी नाही. पुढचा सामना रविवारी. आणि ही संपादकांना संघाकडून भेट."

लोकरीची टोपी होती.

बसमध्ये मी ऐटीत टोपी डोक्यावर चढवली. आतून काहीतरी लिबलिबीत निसटलं, माझ्या नाकावरून घरंगळलं आणि शेजारच्या बाईंच्या मांडीवर पडलं. बाई किंचाळल्या, मागचे किंचाळले, ड्रायव्हरने ब्रेक मारला. कंडक्टरने आम्हा दोघांना मध्येच उतरवलं. सोबत पालीलाही.

रस्त्याच्या कडेला बायको खदखदून हसत होती. बऱ्याच महिन्यांनी. मग चष्मा काढून डोळे पुसत म्हणाली, "अहो, आता पाल तुमच्याकडे. म्हणजे पाळी तुमची. रविवारी जावंच लागणार."

तेवढं ते सुरुवातीचं वाक्य खोडता का? माझा हात धरणारी जन्माला आलीये. मीच तिला दवाखान्यातून घरी आणली होती.