वीस ग्रॅमचा कोफ्ता

भिकननानांनी स्वतःच्या सासऱ्याचा काटा जप्त केला होता. तोही दिवाळसणाला गेलेले असताना. सावद्याला सासऱ्यांचा केळीचा व्यापार. जावईबापू अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून सहज वखारीत डोकावले आणि त्यांना एका पारड्याखाली चिकटवलेला चिंचोक्याएवढा शिशाचा तुकडा दिसला. नाना नुकतेच वजनमापे खात्यात लागले होते. त्यांनी तिथल्या तिथे पंचनामा केला आणि पंच म्हणून दोन मेहुण्यांच्या सह्या घेतल्या. त्या दिवाळीला त्यांना मनगटी घड्याळ मिळायचं होतं, ते मिळालं नाही. पुढची पाच वर्षं सासुरवाडीचं बोलावणंही आलं नाही. ही हकिगत सांगताना नाना अजिबात हसत नसत.

"काटा कोणाचा, ते बघायचं नसतं सर. खरा का खोटा, एवढंच बघायचं."

मी शाळेतला मास्तर. धुळ्याला देवपुरात त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पण बाजाराला ते पटलेलं नव्हतं. नानांची लूना भाजीबाजाराच्या तोंडाशी दिसली की टोपल्यांमागे धावपळ सुरू व्हायची. दगड लपायचे, खरी वजनं बाहेर यायची. नानांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम अर्ध्या किलोचं पितळी वजन असे. त्यामुळे पँट एका बाजूला ओढलेली आणि नाना चालताना किंचित उजवीकडे कललेले. लग्नाच्या पंगतीत ते बुंदीचा लाडू तळहातावर झेलून म्हणायचे, "पंचेचाळीस. मागच्या पंगतीला साठचा होता." यजमान गोरामोरा व्हायचा. नानांना त्याचं काही वाटत नसे. "अंदाज म्हणजे चोरी," हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं.

आणि अशा माणसाच्या घरात अक्का होत्या. नानांच्या बायको. त्यांनी जन्मभर सगळा स्वयंपाक अंदाजाने केला. पीठ ओंजळीने, मीठ चिमटीने, पाणी लागेल तसं. त्यांच्या हातचे खिम्याचे कोफ्ते आमच्या गल्लीत प्रसिद्ध होते. दर रविवारी काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात ते गोळे शिजायचे आणि आमच्याकडे वाटीभर यायचेच. नाना माझ्याशी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलत. अक्कांशी बोलायचं म्हटलं की अहिराणीवर उतरत. अक्कांची बोली सावद्याकडची. भिंतीपलीकडून त्यांचा वाद मला फुकट ऐकायला मिळे.

"मीठ कितलं टाकं?"

"लागते तेवढं टाकलं. मीठ काय मोजाचं असते? हाताले कयतं."

"हात काय सरकारनी तपासेल शे का?"

"मंग जप्त करा ना हात!"

इतकं झालं की नाना गप्प बसत. कोफ्ते मात्र नऊ-दहा खात.

मग अक्कांच्या पोटात गाठ निघाली. नानांनी त्यांना मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. परत आल्यावर आमच्या गल्लीच्या डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं, "तिखट पूर्ण बंद. मऊ काहीही द्या. त्यांचं वजन टिकलं, तर दिवस टिकतील."

"वजनाचंच ना?" नाना म्हणाले. "मग मी बघतो."

मी शेजारीच उभा होतो. त्या माणसाला खरंच वाटलं होतं की हे काम आपल्याच खात्याचं आहे.

अक्का दूध पिईनात. खिचडी बघून तोंड फिरवत. एक दिवस म्हणाल्या, "गोये खावावाटते." गोये म्हणजे ते रविवारचे कोफ्ते. नानांनी जन्मात चहासुद्धा केलेला नव्हता. पण त्यांनी सराफाकडचा असतो तसा छोटा पितळी तराजू स्वयंपाकघरात नेला, अक्कांना ओट्याशेजारी खुर्चीत बसवलं आणि कृती विचारली. अक्का म्हणाल्या, हाताला कळतं. तेव्हा नानांनी हातालाच साक्षीला बोलावलं. अक्कांनी डब्यातून चिमटीने मीठ उचलायचं आणि पारड्यात सोडायचं. मग धणे, बडीशेप, दालचिनीची पूड, फुटाण्याच्या डाळीचं पीठ. प्रत्येक जिन्नस तीनदा. वजन नाना खडूने दाराच्या फळीवर लिहीत. मला पंच म्हणून बोलावलं होतं. अक्का हसून हसून दमल्या. "मास्तर, पाहा बरं, म्हातारा म्हाया हाताचा पंचनामा करून राहिला!"

तिखटाशिवाय रस्सा करायचा, हा मोठा पेच होता. आमच्या खानदेशात रस्सा डोळ्यांतून पाणी काढत नसेल तर त्याला कोणी जेवण म्हणत नाही. पांढुरका रस्सा बघून अक्का जेवल्या नसत्या. म्हणून नानांनी टोमॅटो धरले. मटणात टोमॅटो म्हटल्यावर खाटीक रफिकभाईंनी कानाला हात लावला होता. नाना अर्धा किलो टोमॅटो देठ काढून तोलत, उकळत्या पाण्यातून काढत, सालं सोलत आणि अक्कांच्या जुन्या वायलच्या पातळाच्या तुकड्यातून गाळून घेत. एक बी राहता कामा नये. मग कढईत ते आटवत, आंबटपणा मोडायला गुळाचा खडा आणि वरून चमचाभर साय. तेल कडेला सुटलं की रस्सा लालभडक दिसे, मिरचीची पूड ओतल्यासारखा.

खिमा रफिकभाई दोन सुऱ्यांनी बारीक करून देत, तरी नाना घरी तो पुन्हा पाट्यावर वाटत. बोटांनी चाचपून हाडाची कणी शोधत. मग गोळे. एक गोळा वीस ग्रॅम. एकवीस भरला की कणभर खुडायचा, एकोणीस भरला की चिकटवायचा. गल्लीतली सगळी घरं टीव्हीसमोर बसलेली असताना हा निवृत्त निरीक्षक चष्मा नाकावर घेऊन कोफ्ते तोलत बसलेला असे. पहिल्या रविवारी अक्कांनी ते लाल ताट बघितलं, बोट बुडवून चाखलं.

"तिखट लागते का?" नानांनी विचारलं.

"लई," अक्का म्हणाल्या आणि चार गोळे खाल्ले.

नानांनी त्या दिवशी मला पेढा आणून दिला. वजन सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी नवा मसाला करायची वेळ आली, तेव्हा खात्याच्या रिवाजाप्रमाणे नानांनी अक्कांच्या हाताचं माप पुन्हा तपासलं. मी होतोच. मीठ पहिल्या वेळेपेक्षा कमी भरलं. पीठ तर निम्म्यावर आलं होतं. नानांनी तराजू उचलून बघितला, पारडी पुसली, पुन्हा तोललं. तराजूत काही दोष नव्हता. अक्कांची मूठच लहान झाली होती. नानांनी फळीवर नवा आकडा लिहिला नाही, खडू खिशात टाकला आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.

अक्कांचं वजन करायला आम्ही दर रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या केशरचंद शेठच्या धान्याच्या दुकानात जायचो. तिथे पोती तोलायचा फळीचा लोखंडी काटा होता. नानांनी एकदा या शेठवर केस केली होती, त्यामुळे दोघांमध्ये प्रेम असं नव्हतंच. "शेठ लबाड, पण काटा चोख," असं नाना म्हणत. शेठ पक्का जैन. आम्ही इथून पुढे खिमा आणायला जाणार हे त्याला माहीत असे, म्हणून नानांच्या पिशवीकडे तो बघतही नसे. पण अक्कांसाठी काट्याच्या फळीवर स्वच्छ धुतलेलं पोतं अंथरायचा आणि म्हणायचा, "आओ अक्का, सांभाळून."

त्रेचाळीस. बेचाळीस. एक्केचाळीसला थोडं कमी. नाना आकडा मोठ्याने वाचत, कारण आकडा लपवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. अक्का फळीवरून उतरताना दर वेळी म्हणत, "मी खाते तं सगळं. कुठं जाते काय माईत!" जणू त्यांच्या हातूनच काही सांडत होतं. त्या रविवारी घरी त्यांनी दीड कोफ्ता खाल्ला. उरलेला अर्धा नानांनी तोलला. अकरा ग्रॅम.

पुढच्या रविवारी अक्का फळीवर उभ्या राहिल्या, मी त्यांचा हात धरला होता. शेठने दांडीवरचं वजन सरकवलं. दांडी वर आली आणि बेचाळीसवर थांबली.

"बेचाळीस!" अक्का म्हणाल्या. "अहो, वाढलं ना!"

मी नानांकडे बघितलं. नानांची नजर दांडीवर होती. दांडी अगदी बारीक थरथरत होती. मग त्यांची नजर हळूहळू खाली गेली, तशी माझीही गेली. गल्ल्याच्या आडून शेठचा डावा पाय पुढे आलेला होता आणि पायाचा अंगठा फळीच्या मागच्या कडेवर घट्ट दाबलेला होता. नानांनी उभ्या आयुष्यात असे शेकडो अंगठे पकडले होते. शेठने मान वर केली. दोघांची नजर भेटली. शेठचा चेहरा उतरला, पण अंगठा त्याने काढला नाही.

मला वाटलं, आता नाना गरजणार.

"बेचाळीस किलो," नानांनी मोठ्याने वाचलं. मग अक्कांकडे वळून म्हणाले, "बेचाळीसले वर शे थोडं. देख, कोफ्ता लागू पडना तुले!"

अक्का हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या. त्या दिवशी घरापर्यंत त्या माझा हात न धरता चालल्या.

त्यांना घरी सोडून आम्ही बाजाराकडे निघालो. नाना लूना हातात धरून पायीच चालत होते. माझ्याशी पहिल्यांदाच अहिराणीत बोलले, "पोतं ठेवेल ऱ्हायनं ना सर, तर दांडी कधी थरथरस नही. जित्ता माणूस दाबस तवयच थरथरस." रफिकभाईंकडे पोचल्यावर त्यांनी पावशेर खिमा जास्त मागितला. रफिकभाईंनी विचारलं, पाहुणे आलेत का? नाना म्हणाले, "नही. आमना घरमा वजन वाढनं." रफिकभाई सुरे खाली ठेवून "मुबारक हो नाना" म्हणाले, तेव्हा नाना पाठ करून पुन्हा पुन्हा पैसे मोजू लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर अक्कांचं वजन दर रविवारी थोडं थोडं वाढत गेलं. नाना दर रविवारी ते मोठ्याने वाचत आणि घरी येऊन कोफ्ते तोलायला बसत. शेवटी अक्का फक्त लाल रश्श्यात बोट बुडवून चाटायच्या आणि "लई तिखट" म्हणायच्या. शेवटच्या रविवारी मी आणि नाना त्यांना दोन्ही बाजूंनी धरून फळीवर घेऊन गेलो. माझ्या हाताला त्यांचं ओझंच लागलं नाही.

श्रावण लागायच्या आत त्या गेल्या. खांदा देणाऱ्यांत केशरचंद शेठ पुढे होता. दहा दिवस माणसं भेटायला येत होती, आणि येणारा प्रत्येक जण म्हणायचा की अक्का फारच खंगल्या होत्या. नाना मान हलवायचे, समोरच्याचा हात धरून सांगायचे, "सत्तेचाळीस किलो भरनी व्हती. मी सोता काटा देखेल शे."