तामोरेकाकांच्या बरणीतली मंडळी

तामोरेकाकांना "कसे आहात?" विचारलं, तर ते स्वतःची नाही, बरणीतल्या मंडळींची खुशाली सांगतात.

बरणीत जवळच्या माहीम गावच्या तळ्याचं पाणी आहे आणि त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव. काका मूळचे दातिवऱ्याचे, बोईसरला आमचे शेजारी. कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीवर नोकरी. टाकीची तब्येत, म्हणजे तिच्यातले घाण खाणारे जीव, सूक्ष्मदर्शकातून तपासता तपासता त्यांना हे वेड लागलं. निवृत्तीला लोक घड्याळ घेतात, काकांनी जुना सूक्ष्मदर्शक मागून घेतला!

"ये, ये! निसटंल!" अशी हाक आली की हातातला चहा ठेवून पळायचं.

"ही पॅरामेशियम. चपलेसारखी हाय ना? अंगभर केस, तीच तिची वल्ही! गिरक्या घेत जाते. आपटली की मागं सरते, वळते, परत सुटते. भांडत नाय!"

अमीबा दिसला की काका खुर्चीत मावत नाहीत. "ह्याला तोंडच नाय! घासालाच मिठी मारतो नि आत घेतो!"

रविवारी जेवताना पहिलं शीत बरणीला. "शीत ते खात नाय. शितावर जीवाणू वाढतात, ते खातात." असतील शितं तर जमतील भुतं, असं मी चिडवायचो.

गेल्या महिन्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. बरणी माझ्याकडे. "एकच शीत," असं बजावलं होतं. पण पाहुण्याला एक शीत? मी मूठभर भात टाकला. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि घाण वास सुटला.

डोळ्याला पट्टी लावून काका परतले. "वाकायचं नाय, डॉक्टरनी सांगितलंय. तू बघ. सगळे हाय ना?"

मी थेंब काचेवर ठेवला. काही हलेना. दुसरा थेंब. तेच.

"बोल ना रे!"

खोटं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कडेने एक चप्पल गिरकी घेत आली!

"आहे! काका, एक आहे! आपटली... मागं सरली... सुटली!" मी ओरडलोच. मग भाताची कबुलीही दिली.

काका रागावले नाहीत. हळूच खुर्चीत बसले. "एक हाय ना? बास. त्यांच्यात एकाचे दोन होतात." मग म्हणाले, "तुझी काकी गेल्यावर घरात हलणारं एवढंच होतं रे."

तळ्याचं ताजं पाणी आणायला मी कॅन उचलला.

"लवकर ये," काका मागून म्हणाले. "दोघांपुरता भात लावतो."