रायफलीची आंघोळ

इल्पोने परवाना मिळवून जुनी लष्करी रायफल घरी आणली, तेव्हा तुइयाने नवऱ्याला एवढंच विचारलं, "आता कुणाला मारणार आहेस?"

"कागदाला," इल्पो म्हणाला.

खरं तर त्याला सासऱ्यांना गाठायचं होतं. आर्मास म्हणजे गावच्या नेमबाजी मंडळातलं जुनं खोड. सासूबाई हेल्वी गेल्यापासून ते लेकीकडे यायचे, कॉफी प्यायचे, पण सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, पाऊल टाकायचे नाहीत. तळ्याकाठच्या या गावात माणूस चर्चला गेला नाही तरी चालतं. सॉना सोडला की शेजारीपाजारी काळजीत पडतात. मैदानावर शेजारी झोपून चार गोळ्या झाडल्या तर म्हातारा मोकळा होईल, असा इल्पोचा होरा होता. पण त्याआधीच, या शनिवारी सॉनाला येतो, असं आर्मास आपणहून म्हणाले होते. तुइयाने शनिवारी सकाळी सॉनातल्या बसायच्या फळ्या घासून लख्ख केल्या.

रायफल झकास होती, पण कोठारात गंजू नये म्हणून चोपडलेलं ग्रीस लाकडात पार मुरलं होतं. इल्पोने नवा चामडी पट्टा आणला होता, खांद्याला धक्का बसू नये म्हणून दस्त्याला रबरी गादी आणली होती. त्या ग्रीसवर काही बसेना. दुकानदार म्हणाला होता, "ऊब द्या, आपोआप सुटेल." घरातली सगळ्यात उबदार जागा कोणती, हे इल्पोला कुणी सांगायला नको होतं. सासरे यायच्या आधी काम उरकेल म्हणून त्याने दुपारीच सॉना पेटवला, लाकडी भाग सुटा करून वरच्या फळीवर निजवला आणि आपण शेडमध्ये पट्ट्याला भोकं पाडत बसला.

परत आला तर लाकूड घामाघूम झालेलं. तपकिरी ग्रीस वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणि तिथून जमिनीवर उतरलं होतं. त्याने फडक्याने पुसलं, ते आणखी पसरलं. वास मारायला पाइनच्या लाकडाचं सुवासिक डांबर फासलं, तर दोन्ही वास एकमेकांशी भांडायला लागले.

तुइया दारात आली. "अक्कल गहाण टाकलीस काय रे? बाबा इतक्या दिवसांनी यायचेत आणि तू इथं रणगाड्यांचं गॅरेज उघडलंस."

"वास जाईल गं."

"वास नाही जायचा. बाबा जातील."

तेवढ्यात आर्मास टॉवेल घेऊन आलेच. थेट वर जाऊन बसले. इल्पो जीव मुठीत धरून शेजारी टेकला. त्यांनी तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं, वाफ उठली आणि वासाने खोली भरली.

"बाबा, चूक माझी आहे. ती रायफल…"

"गप बस."

त्यांनी फळीवरच्या ग्रीसवर बोट फिरवून हुंगलं. मग आर्मास म्हणाले, "तुम्ही नसताना दोनदा येऊन गेलो मी. दारातनंच फिरलो. तुइया हेल्वीच्याच साबणाने घासते. दार उघडलं की वाटायचं, ती आत्ताच अंघोळ करून गेलीय."

इल्पोने विचारलं, "आणि आज?"

"आज माझ्या फौजेतल्या बराकीचा वास येतोय. तेव्हा हेल्वी मला माहीतच नव्हती." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. सॉनात सगळ्यांचेच चेहरे ओले असतात, म्हणून इल्पोने पुन्हा पाणी टाकलं.

उठताना डांबराने चिकट झालेली फळी आर्मासना सोडेना; इल्पोने हात देऊन उपटून काढलं. बाहेर तुइया बादली आणि ब्रश घेऊन तयारच होती.

"बाबा, उद्याच सगळं घासून टाकते."

आर्मासनी तिच्या हातातला ब्रश खाली ठेवला.

"एकदम नको," ते म्हणाले. "दर शनिवारी एकेक फळी घास."