दोन कॉलेजांचा तक्ता

जनार्दनपंत झाशीच्या रेल्वे स्टोअर्समध्ये कारकून. फिनेल घ्यायचं असो की साहेबाची खुर्ची, दोन ठेकेदारांचे भाव मागवायचे, तक्ता आखायचा आणि याचा भाव त्याला कळवून दोघांनाही खाली आणायचं, यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. (बड्या बाजारातली भाजीवाली त्यांना पाहून टोपलीवर फडकं टाकायची.)

त्या जुलैत त्यांच्या विद्याला सेंट ॲग्नेस आणि बेथेल अशा दोन मिशन कॉलेजांतून प्रवेशाची पत्रं आली. पोरगी इंटरला पहिल्या वर्गात आली होती. "बाबा, कोई भी चलेगा," ती म्हणाली, "फक्त पंधरा तारखेच्या आत हो कळवा."

पण पंतांनी रूळ आणि लाल शाई काढलीच. फी, वसतिगृह, जेवणखाण, आणि पुढं तिथून बी.ए. झालेली मास्तरीण महिना काय मिळवते, सगळं आलं. बेथेलची फी चार रुपये जास्त, पण तिथून निघालेल्या मास्तरणीला पगारही चारच रुपये जास्त. (ही माहिती सिविल लाइंसमधल्या एका पाद्र्याच्या खानसाम्याची.) पैशापैशाचा हिशेब करता दोघं बरोबरीत आले. पंत खूश झाले. बरोबरीतले दोघं म्हणजे घासाघिशीला नुसतं रान मोकळं.

"अहो, एकाला हो म्हणा नि सोडा," पंतांच्या पत्नी कुसुमावतीबाई म्हणाल्या. विचारायला काय जातं, असं म्हणत पंतांनी दोन रजिस्टर पत्रं टाकली. प्रत्येकाला दुसऱ्याचे दर कळवले आणि खाली लिहिलं, आपला अंतिम भाव उलट टपाली कळवावा.

बारा तारखेला दोन्ही उत्तरं एकदमच आली. बेथेलच्या मेमसाहेबांनी फार मायेनं लिहिलं होतं की सेंट ॲग्नेस खरोखरच उत्तम आहे, मुलीच्या हिताआड आम्ही येणार नाही, तिची जागा दुसरीला दिली आहे. सेंट ॲग्नेसवाल्यांनी हेच बेथेलबद्दल लिहिलं होतं. दोघांनीही विद्यासाठी प्रार्थना केली होती. बावीस वर्षांत एकाही ठेकेदारानं दुसऱ्याची अशी भलावण केलेली पंतांनी पाहिली नव्हती.

 ट्रंकेत भरलेले कपडे विद्यानं एकेक करून पुन्हा फडताळात लावले आणि दोन दिवस ताटावर नुसती बसून उठली.  ऑफिसात दोन भाव शेजारी दिसले की पंत फाइल मिटून बाजूला सारायचे. आपण आपल्या हातानं पोरीचं वाटोळं केलं, हे त्यांना कळत होतं, आणि ते सांगायचं कुणाला, हे कळत नव्हतं.

शेवटी विद्यानंच दोन्हीकडे माफीची पत्रं लिहिली. सेंट ॲग्नेसकडून काही आलं नाही. बेथेलचं उत्तर ऑगस्टात आलं. यंदा जागा नाही, वर्ष वायाच जाणार होतं. पुढल्या जुलैत मात्र जागा राखून ठेवू, अर्धी फीही माफ करू, अट एकच.

"काय अट?" पंतांनी विचारलं.

विद्यानं पत्रावरून नजर न काढता सांगितलं, "पुढचा सगळा पत्रव्यवहार आईनं करायचा."

कुसुमावतीबाईंनी त्याच दुपारी मराठीत होकार लिहिला, विद्यानं त्याखाली इंग्रजी उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना बाईंनी ते पाकीट टपालात टाकायला पंतांच्याच हाती दिलं. चारी बाजूंनी खळ लावून चिकटवलेलं होतं, आणि वर शिवलंही होतं.